दाजींची पिकअप कुठं वाजते

आमच्या दाजींच्या मते जगात धड चालणारी एकही वस्तू नाही. काही वस्तू बिघडलेल्या असतात आणि बाकीच्यांचा बिघाड अजून कुणी नीट ऐकलेला नसतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. धारूरच्या घाटाच्या तोंडाशी त्यांची वस्ती आहे. थोडी कोरडवाहू जमीन, दोन म्हशी आणि दारात एक पिकअप, एवढा त्यांचा पसारा. इतर लोक ओळख करून देताना आधी मुलाबाळांचं सांगतात, दाजी आधी पिकअपचं सांगतात. ती त्यांनी सतरा वर्षांपूर्वी सेकंड हँड घेतली, आणि तेव्हाही पहिल्या मालकाने तिच्याकडून बरंच काम करून घेतलेलं होतं. रंग पांढरा असल्याचं कागदावर लिहिलेलं आहे. त्या गाडीतून दाजी लोकांचा माल वाहतात. हंगामात सीताफळं, एरवी सिमेंट, शेळ्या, मांडवाचं सामान, आणि महिन्यातून दोनदा माझी ज्वारी. माझी धारूरच्या पेठेत पिठाची गिरणी आहे. लोकांचं दळण दळते, तयार पीठही विकते, त्यासाठी माजलगावच्या मोंढ्यातून ज्वारी आणावी लागते. म्हणजे त्या गाडीत मी पुष्कळ बसलेली आहे, आणि जे लिहिते आहे ते ऐकीव नाही.

त्या गाडीला दाजींशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा वस्तीवरचा पहिला नियम. एकदा, अगदी सुरुवातीला, त्यांनी ती गॅरेजात दिली होती. संध्याकाळी परत घेतली, घरी आणली, बॉनेट उघडलं आणि एक बोल्ट कमी असल्याचं जाहीर केलं. गॅरेजवाला म्हणाला, बोल्ट आधीपासूनच नव्हता. दाजी म्हणाले, "माझ्या गाडीत किती बोल्ट हायती ते मला म्हाईत न्हाई व्हय?" आणि त्यांना खरोखर माहीत होतं. त्या दिवसापासून त्यांनी पाने, हातोड्या, जॅक असं सगळं स्वतःचं घेतलं आणि शिकायला सुरुवात केली. शिकवणारं कुणी नव्हतं. एखादा भाग उघडायचा, काढलेल्या वस्तू पोत्यावर ओळीने मांडायच्या आणि त्याच ओळीने उलट्या बसवत जायचं, अशी त्यांची पद्धत. ती उत्तम पद्धत आहे, फक्त पोत्यावरून कोंबड्या जाता कामा नयेत. एकदा कोंबडी गेली आणि एक वॉशर पिकअपमध्ये बसायचं ते कोंबडीत बसलं, असा दाजींचा आजही दावा आहे. ती कोंबडी कापायला अक्काने ठाम नकार दिला, तेव्हा दाजींनी दोन दिवस कोंबडीच्या मागे मागे फिरून पाहिलं.

दुरुस्ती कधी काढावी याचं दाजींना एक शास्त्र आहे. कुणालातरी कुठेतरी वेळेवर पोचायचं असेल, तीच वेळ. माझ्या पुतण्याचं लग्न माजलगावला होतं. आम्ही नऊ बायका, भरजरी नसल्या तरी बऱ्यापैकी साड्या नेसून, पिकअपच्या मागच्या हौद्यात सतरंजी टाकून बसलो होतो. दाजी किल्ली फिरवणार इतक्यात थांबले, उतरले, गाडीखाली गेले, आणि खालून आवाज आला, "दहा मिन्टं." त्या दहा मिनिटांत मंगलाष्टकं झाली, पहिली पंगत उठली. आम्ही पोचलो तेव्हा नवरीसुद्धा कपडे बदलून बसली होती. मी संतापले. दाजी शांतपणे म्हणाले, "मेव्हणबाई, घाटात निम्म्यावर बंद पडली असती तर लगीन तर लगीन, मुक्काम बी तिथंच झाला असता." दाजींशी भांडण्यातली हीच अडचण आहे, शेवटी त्यांचं म्हणणं खरं निघतं, पण जेवणाची वेळ टळून गेल्यावर.

स्वतः केलेल्या दुरुस्त्यांना घराण्याचं वळण असतं. दाजींची वायरिंग दाजींनाच कळते. हॉर्न वाजवायचा तर वायपरचं बटण फिरवायचं, आणि वायपर हवा असेल तर पाऊस थांबायची वाट बघायची. डावीकडे वळताना उजवीकडचा दिवा लागतो, म्हणून दाजी डावीकडे वळताना हात बाहेर काढून पुन्हा डावीकडेच दाखवतात. आता उजवीकडचा दरवाजा चालवणाऱ्याचा, तिथून डावीकडे हात दाखवायचा म्हणजे तो गाडीच्या टपावरून न्यावा लागतो. मागून येणाऱ्याला वाटतं की हा माणूस गाडीतून उतरतो आहे. तो आपोआप लांब राहतो. "म्हंजी काम झालंच की," दाजी म्हणतात.

गाडीतून काढलेली जुनी वस्तू दाजींनी कधी फेकली नाही. ब्रेकच्या जुन्या ड्रमाची अक्काने शेगडी केली, स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यावर ती मिरच्या वाळत घालते. बाकीचं सगळं सीटखाली, सीटमागे आणि पायात. अक्का एकदा मला म्हणाली, "सुमे, एक गाडी चालती आन् दुसरी तिच्यात बसून हिंडती."

पण सगळ्यात बघण्यासारखा कार्यक्रम ब्रेकचा. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की ती काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून ब्रेकचा पाय मारायचा, दुसऱ्याने चाकाशी बसून बारीक नट सैल करून हवा सोडायची. आत अक्का, खाली दाजी. "दाब." अक्का दाबते. "धर." अक्का धरते. "सोड." अक्का सोडते. सतरा वर्षांत त्या दोघांमध्ये सर्वांत जास्त बोलले गेलेले शब्द हेच तीन असावेत. एरवी दाजी घरात बोलत नाहीत. चहा पाहिजे असेल तर खाकरतात. एकदा "धर" म्हणून झाल्यावर त्यांना आठवलं की नटाचा पाना शेजारच्या वस्तीवर राहिला आहे. ते आणायला गेले, तिथे मोटारीचा पंप उघडलेला दिसला, बसले. मी दुपारी दळणाचे डबे द्यायला गेले तर अक्का पिकअपमध्ये ताठ बसलेली, पाय ब्रेकवर, कपाळावर घाम. "अगं, उतर की!" मी म्हटलं. ती म्हणाली, "अजून सोड म्हणले न्हाईत." मी माझ्या बहिणीला तेव्हा फार बोलले. दाजींच्या जागी माझा नवरा असता तर मी ब्रेक सोडून म्हशी सोडल्या असत्या आणि माहेरी गेले असते. ती नुसती हसली.

हे सगळं असलं, तरी दाजींचं खरं हत्यार पाना नव्हे, कान. लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाच्या पाळीमागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग आजूबाजूला कुणी बोलायचं नाही, म्हशीनेही हंबरायचं नाही. दोन मिनिटांनी ते डोळे उघडून सांगणार, की दोन नंबरचा व्हॉल्व्ह ढिला आहे. उघडून बघावं तर तसंच. गाडी चालू असताना त्यांना मागचा आवाज कळावा म्हणून मला एकदा ज्वारीच्या पोत्यांमध्ये फळीला कान लावून बसवलं होतं. पुढून ओरडून विचारत होते, "टकटक का कटकट?" मी म्हटलं, दोन्हीत फरक काय? त्यावर त्यांनी गाडी थांबवली आणि मला फरक समजावून सांगितला. रस्त्याने जाताना माझ्या गिरणीचा आवाज ऐकून ते एक दिवस दारातून म्हणाले, "मेव्हणबाई, पट्टा उद्या तुटंल." मी पट्टा पाहिला, चांगला होता. दुसऱ्या दिवशी ऐन गर्दीत तुटला. तेव्हापासून धारूरच्या पेठेतले चार दुकानदार त्यांना आपापले पंखे, मोटारी, कुलरसुद्धा ऐकवायला लागले. दाजी कुणाकडून काही घेत नसत. मात्र ऐकताना कुणी खोकललं तर रागावत.

गेल्या दसऱ्यानंतर गाडीत एक नवीन आवाज सुरू झाला. चालताना घर्र घर्र, वेग वाढला की आवाज वाढायचा. दाजी त्याच्या मागे लागले. पुढची चाकं काढली, ग्रीस भरलं, पुन्हा काढली. जेवताना अर्धी भाकरी हातात धरून विचार करत बसायचे. तीन आठवडे हे चाललं, आणि दिवाळी होऊन गेल्यावर एक दिवस ते गिरणीत आले ते पेढे घेऊन. "गेला!" म्हणाले. मला वाटलं कुणी माणूस गेलं आणि यांनी पेढे काय आणले. "आवाज गेला, मेव्हणबाई. साफ गेला. आता बसून बघा, पाळण्यावानी चालती."

त्याच आठवड्यात ज्वारी आणायला आम्ही दोघं निघालो. घाटाचं पहिलं वळणही आलं नव्हतं आणि माझ्या पायाखालून आवाज सुरू झाला. घर्र घर्र घर्र. पूर्वीपेक्षा जास्त. मी दाजींकडे पाहिलं. ते समोर बघत होते आणि चेहऱ्यावर असं समाधान होतं की जणू मुलगा कलेक्टर झालाय. मी म्हटलं, "दाजी, आवाज येतोय." ते हसले आणि म्हणाले, "हां, यंदा ज्वारी बरी हाय म्हन्तेत." मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मान डोलावली.

मला एकदम बऱ्याच गोष्टींचा मेळ लागला. अलीकडे ते गिरणीच्या दारातून काही सांगत नव्हते. फोन आला की "तूच बोल" म्हणून अक्काकडे देत होते. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत होते, पूर्वी कधी बघत नसत. आणि कुणी काही विचारलं की उत्तर अक्काच देत होती, त्यांच्या आधी, झटकन. आम्हाला वाटायचं, अक्का म्हातारपणी बोलकी झाली.

मी मागच्या आठवड्यातच अक्काला सहज विचारलं होतं, दाजींना हल्ली कमी ऐकू येतं का? ती म्हणाली होती, "गप. पावसाळ्यापासनं कमी येतंय, पर त्यास्नी सांगू नको. गाडीचा आवाज कळंना झाला त्या दिवशी किल्ली खुंटीला लावीन, असं म्हणत असतेत. खुंटीला लावली तर त्या माणसाचं मी काय करू? गाडी न्हाई म्हणल्यावर त्यो माणूस उठंल कशासाठी सकाळी?" मी तेव्हा तिचं ऐकलं होतं, कारण तोपर्यंत तो कानाचा प्रश्न होता. आता तो घाटाचा प्रश्न झाला होता. परतीच्या वाटेला मागे ज्वारीची वीस पोती असणार होती, आणि पुढच्या आठवड्यात याच गाडीतून मांडवाचं सामान आणि त्यावर बसून दहा माणसं जाणार होती. चाक घाटात जाम झालं तर अक्काच्या काळजीचा काही उपयोग नव्हता.

मी त्यांच्या दंडाला हात लावला आणि थांबायची खूण केली. उतरून म्हटलं, "जॅक लावा." त्यांनी विचारलं कशाला, पण लावला. दाजी जॅक लावायला कधी नाही म्हणत नाहीत. पुढचं डावं चाक उचललं. मी त्यांचा हात धरून स्प्रिंगवर ठेवला आणि चाक जोरात फिरवलं. मला त्यातून घर्र ऐकू येत होतं, त्यांना हाताला लागलं. त्यांनी मला थांबवून स्वतः चाक फिरवलं. एकदा, दोनदा. मग सावकाश उठून रस्त्याच्या कडेच्या दगडावर जाऊन बसले.

"बेअरिंग गेलंय," ते म्हणाले.

"हो."

"कधीपासून?"

"निघालो तेव्हापासून वाजतंय."

"तसं न्हाई. मला ऐकू येत न्हाई, हे कधीपासून म्हाईत हाय तुमाला?"

"मला गेल्या आठवड्यात कळलं," मी त्यांच्या समोर तोंड करून सांगितलं. "अक्काला पावसाळ्यापासून."

"आन् तुमी घाटात आणून सांगता व्हय?"

"घरी सांगितलं असतं तर तुम्ही पेढा दिला असता."

त्यांना हसू आलं नाही. त्यांनी खिशातून रुमाल काढला, हात पुसले, किल्ली काढून माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, "मी घेऊन काय करू? मला स्कूटीशिवाय काही चालवता येत नाही. तुम्हीच परत न्या, पहिल्या गिअरमध्ये." आम्ही परत आलो ते बैलगाडीच्या चालीने. दोन बैलगाड्यांनी खरोखर आम्हाला मागे टाकलं, आणि एका गाडीवानाने विचारलं, "काय दाजी, माल काचंचा हाय का?" दाजींना ते ऐकू आलं नाही. मी हातानेच त्याला पुढे जायची खूण केली.

किल्ली खुंटीला लागली. अकरा दिवस पिकअप बाभळीखाली उभी राहिली आणि तिच्या टपावर कोंबड्या बसायला लागल्या. दाजी दुरुस्तीशिवाय राहू शकत नव्हते, म्हणून घराकडे वळले. पहिल्या दिवशी अक्काचं शिलाई मशीन उघडलं. मग कुकरची शिटी. मग भिंतीवरचं घड्याळ, जे व्यवस्थित चालू होतं. अक्काचे मला रोज फोन यायचे. "सुमे, आज पंखा खोलला. आता घरात मीच उरले." ती हसत होती, पण फोन ठेवायची नाही.

मी त्यांना अंबाजोगाईला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने कानातलं मशीन दिलं. तिसऱ्या दिवशी वस्तीवर गेले तर ते मशीन पोत्यावर उघडून ठेवलेलं, सगळे भाग ओळीने मांडलेले. मी काही बोलायच्या आत दाजी म्हणाले, "चांगलं हाय. पर आवाजात माया न्हाई. तुमचा बी आवाज पत्र्याचा, म्हशीचा बी पत्र्याचा. इंजिन तर सगळंच पत्र्याचं. त्यात पत्रा कुठं आन् लोखंड कुठं, कसं कळावं?" आता ते मशीन लग्नाकार्यात घालतात, तेही अक्काने डोळे वटारले तर.

बाराव्या दिवशी अक्काने स्वतः किल्ली खुंटीवरून काढली. हे मी पाहिलं आहे, मी तिथे होते. ती जाऊन गाडीत बसली, कोंबड्या उडवल्या, गाडी सुरू केली आणि दारात बसलेल्या दाजींना हाताने बोलावलं. ते आले. अक्काने गाडी बंद केली नाही. खाली उतरून बॉनेट उघडायला लावलं, स्क्रू-ड्रायव्हर घेतला, इंजिनाला टेकवला, मूठ स्वतःच्या कानाला लावली आणि डोळे मिटले. मला वाटलं हिचं डोकं फिरलं. बराच वेळ ऐकून ती दाजींच्या समोर उभी राहिली आणि तोंड मोठं उघडून म्हणाली, "आत कुणीतरी फुटाणं भाजल्यावानी वाजतंय."

दाजींनी विचारलं, "गार वाळूत का तापल्या वाळूत?"

अक्का पुन्हा ऐकायला वाकली. "तापल्या. पर मधीमधी एक फुटाणा उडतोय."

"तीन नंबर," दाजी म्हणाले आणि पाना आणायला गेले. त्यांना चपला घालायचंही सुचलं नाही.

बेअरिंग त्याच आठवड्यात बदललं. आता पिकअप रस्त्यावर आहे आणि अक्का तिच्यात आहे, प्रत्येक खेपेला. मागून कुणी हॉर्न दिला की ती दाजींच्या गुडघ्यावर थाप मारते. गाडीच्या आवाजांची तिची स्वतःची यादी झाली आहे. जात्यात खडा आल्यावानी, ताक घुसळल्यावानी, शेरडू शिंकल्यावानी. दाजींना यातल्या प्रत्येकाचा नट माहीत आहे. चुकत नाहीत असं नाही. एकदा "भाकरी थापल्यावानी" म्हटल्यावर त्यांनी अर्धा दिवस क्लच उघडला, आणि मग कळलं की ती बाजरीची भाकरी म्हणत होती, ज्वारीची नव्हे. ज्वारीची असती तर क्लच, बाजरीची म्हणजे पट्टा. मी यावर हसले तर दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की मला गिरणीवाली म्हणून लाज वाटावी.

परवा आम्ही तिघं माजलगावहून येत होतो. घाट चढून वर आल्यावर अक्काने दाजींच्या गुडघ्यावर हात ठेवला. "वाजतंय," म्हणाली. दाजींनी गाडी कडेला घेतली, उतरून बॉनेट उघडलं. मी अक्काच्या शेजारीच बसले होते. मला काहीएक ऐकू आलं नव्हतं, आणि माझे कान अजून शाबूत आहेत. मी म्हटलं, "अक्का, कुठं काय वाजत होतं?"

"न्हवतं वाजत," ती हळूच म्हणाली.

"मग कशाला थांबवलंस?"

ती समोर उघड्या बॉनेटकडे बघत होती. त्याच्या पलीकडे दाजींचा नुसता टोपीचा शेंडा दिसत होता. "आता येतेत की इचारायला," ती म्हणाली. "कसा वाजत होता, कुठनं, किती येळा. समद्या जलमात इतकं कदी इचारलं न्हाई त्या मानसानं मला."

दाजी पुढून आले. त्यांनी आत सगळं तपासलेलं होतं, आणि तीन नंबरपासून पट्ट्यापर्यंत कुठे काही नाही हे त्यांच्या हातांना केव्हाच कळलं असणार. तो माणूस अशा गोष्टीत फसत नाही. ते आमच्या बाजूच्या खिडकीशी येऊन उभे राहिले, खिडकीवर दोन्ही कोपरं टेकवली, आणि अक्काच्या तोंडाकडे बघत म्हणाले, "हां, सांग. सुरवातीपासून सांग."

मला गिरणी उघडायची होती, दळणं खोळंबली होती. पण मी घड्याळाकडे पाहिलं नाही.